पॅकेजिंग रेपोची डीफॉल्ट ब्रांच: डेबियन/लेटेस्ट की मेन?

कोथरूडकर: डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजिंग रेपोंबद्दल (पॅकेज बनवायच्या फाइलींचे गिट साठे) आणि त्यांच्या डीफॉल्ट ब्रांचबद्दल (क्लोन केल्यावर आपोआप उघडणारी शाखा) काल इथे कुणी लिहिलं, "डीफॉल्ट ब्रांच सरळ मेन ठेवा, डेबियन/लेटेस्ट म्हणजे नसतं सोवळं." डोकंच फिरलं. अहो, त्याच रेपोत अपस्ट्रीमचा, म्हणजे मूळ प्रकल्पाचा, इतिहासही असतो! दोन मेन एका घरात नांदत नाहीत. माझ्या क्लोनमध्ये दोन्ही रिमोट (अपस्ट्रीमचा आणि पॅकेजिंगचा सर्व्हरवरचा रेपो) होते; रात्री चुकीच्या रिमोटवरून पुल मारला आणि रिलीज न झालेलं अपस्ट्रीम पॅकेजिंगमध्ये मिसळलं. निस्तरण्यात अख्खा रविवार गेला. डेप-१४ (पॅकेजिंग रेपोंच्या मांडणीचा डेबियनचा प्रस्ताव) ब्रांचना डेबियन/, उबंटू/ असे उपसर्ग सुचवतं ते यासाठीच.

मेनवाला: ते लिहिणारा मीच. आता सांगा, लेटेस्ट म्हणजे नक्की काय? २०२३ मध्ये बुकवर्मच्या (डेबियन १२) फ्रीझमध्ये, म्हणजे रिलीजआधी बदल गोठवतात तेव्हा, मी नवी आवृत्ती एक्सपेरिमेंटलला (प्रयोगांच्या विभागाला) पाठवली, लेटेस्टवर तीच होती. तेवढ्यात अनस्टेबलमधल्या (नेहमीच्या विकासाच्या विभागातल्या) जुन्या आवृत्तीवर आरसी, म्हणजे रिलीज अडवणारा, बग आला. टीममधल्या पोराने लेटेस्टवरच फिक्स केला. दोन दिवस वाया! फेडोरा या दुसऱ्या वितरणाने २०२१ मध्ये मास्टर काढून रॉहाइड (त्यांच्या विकास-आवृत्तीचं नाव) ठेवलं, नावातच सगळं कळतं.

कोथरूडकर: अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटल दोन्हीकडे एकाच वेळी अपलोड असतील तर डेबियन/अनस्टेबल वापरा, हेही डेप-१४ मध्येच आहे. वाचायचे कष्ट घ्या.

टारबॉल: नावांवरून कसले भांडताय? खरी घाण प्रिस्टाइन-टार ब्रांचची आहे; अपस्ट्रीमचा टारबॉल (सोर्सचं दाबलेलं बंडल) जसाच्या तसा परत बनवायला ती असते. कॉम्प्रेसर बदलला की कधीकधी टारबॉल परत बनतच नाही. मार्च २०२४ आठवा: एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमधली, मागचं दार घुसवणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. गिटच्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) बांधा!

मेनवाला: आणि दुसऱ्या अपलोडला तसा पुन्हा काढलेल्या टारबॉलचा चेकसम (फाइलचा ठसा) जुळला नाही की आर्काइव्ह (डेबियनचा पॅकेज-साठा) फेटाळणार. तेव्हा तुम्ही येणार का?

टारबॉल: टॅगवरून काढलेला टारबॉल जपून ठेवा, तोच पुन्हा आर्काइव्हमधून घ्या. मी करतो.

कोथरूडकर: तुमची पॅकेजं किती? आमच्या टीमच्या शेकडो रेपोंवर हे करून दाखवा, मग बोला.

टारबॉल: तीन. तरीही मागच्या दाराने आलेला कोड मला नको.

मेनवाला: मूळ मुद्द्यावर या. ब्रांचचं नाव बदललं की व्हीसीएस-गिटमधला (पॅकेजच्या माहितीतला रेपोचा पत्ता) ब्रांच सांगणारा '-बी' पुढच्या अपलोडपर्यंत जुनंच नाव सांगतो, त्यावरून रेपो उतरवणारं डेबचेकआउट तोंडावर पडतं. हे कोण बघणार?

कोथरूडकर: हे मात्र खरं. नाव बदललं की त्याच दिवशी अपलोड करा. आणि लेटेस्ट नको असेल तर अनस्टेबल ठेवा, पण मेन नाही.

मेनवाला: अनस्टेबल चालेल. लेटेस्ट अजूनही पटलेलं नाही.