झुलत्या पुलाचं रूप जुनं ठेवा, पण केबल नव्या हव्यात

"जुना झुलता पूल होता तसाच उभा करा, लोखंडी सळईसुद्धा बदलू नका," असं एका मित्रानं लिहिलंय. वारशाबद्दलची त्यांची माया कळते, पण हे मला अजिबात पटत नाही.

गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला पडला, १३५ माणसं गेली. तपासात काय निघालं? एका मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. दुरुस्तीत चालायच्या लाकडी फळ्या काढून अ‍ॅल्युमिनियमचा डेक बसवला, म्हणजे वजन वाढलं. केबल मात्र जुन्याच. डेक केबलला टांगणाऱ्या जुन्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगनं जोडल्या. वरून पूल नवा दिसत होता.

म्हणून कमानी, मनोरे, कठड्याची नक्षी हुबेहूब ठेवा; भार पेलणारं सगळं मात्र नवीन पाहिजे, आणि प्रत्येक सळई पूल बंद न करता बदलता आली पाहिजे. आपल्या कोल्हापुरातल्या पंचगंगा घाटाजवळ असा पूल कुणी सुचवला तर विसर्जनाची गर्दी आधी हिशेबात धरा. यात्रा-जत्रांच्या ठिकाणी आपली भारतीय मानकंच चौरस मीटरला ५०० किलो भार धरायला सांगतात. गर्दीच्या पावलांनी पूल आडवा डोलतो, तेही बघायला हवं. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली त्यापायीच उघडल्या-उघडल्या बंद करावा लागला, मग डोलणं शोषून घेणारे डॅम्पर बसवले.

आणि पूर? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. डेकची उंची त्यावरून ठरवा.