हीटिंग बंद करून जाऊ नका
डिसेंबरात भारतात जाताना शिकागोच्या घरातलं हीटिंग पूर्ण बंद करणार आणि थंडीत नळ किंचित सुरू ठेवणं ही पाण्याची नासाडी आहे, असं एकाने लिहिलंय. शिकागोच्या थंडीत कृपया हीटिंग बंद करू नका, पाइपमधलं पाणी गोठून पाइप फुटू शकतो. थर्मोस्टॅट निदान 55 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 13 सेल्सिअसवर ठेवा आणि पाण्याचा मेन व्हॉल्व बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा.

घरी असताना कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार सोडणं म्हणजे नासाडी, हेही मला पटत नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप बहुतेकदा तिथेच फुटतो. नळ किंचित उघडा असला की दाब सुटतो. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटंही उघडी ठेवा, घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते. आणि अंगणातल्या नळाला लावलेला होज (रबरी पाइप) आजच काढा!