गावात शाळेच्या टायमाची एसटी हवीय, अर्ज कुठे करायचा?

आमच्या वाडीतल्या मुली फाट्यापर्यंत चालत जातात मग गाडी, संध्याकाळी येताना अंधार पडतो. अकरावीला पाठवायचं की नाही यावर घराघरात चर्चा चालूय. नवीन फेरी मागायची तर नेमकं कोणाला भेटायचं?

— आगार व्यवस्थापकाला. पण नुसतं भेटून काय होत नाय, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, त्यात कुठल्या वाडीची किती पोरं आणि शाळा सुटायची वेळ हे लिहा, आणि पोच घ्या हो, शिक्का मारून! गाडी वळायला जागा आहे का तेही बघून ठेवा, रस्ता अरुंद असला की तिथंच अडतं सगळं.

— तालुका मानव विकासमध्ये, म्हणजे मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात, आहे का? राज्यात असे १२५ तालुके आहेत, तिथे मुलींसाठी निळ्या बस असतात. आणि बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, मुलांना मात्र पैसे भरावे लागतात.

— बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे बाजाराच्या दिवशी गाडी भरते. अर्जात तेपण टाका, फक्त पासवाल्यांवर फेरी मागितली तर उत्पन्न कुठंय विचारतील.

— मुक्कामी गाडी मागा ना, सकाळची पहिली फेरी आपोआप मिळते. फक्त ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपायची न संडासची सोय गावाने करायला हवी. आणि फाट्यावर दिवा लावायला ग्रामपंचायतच पुरे, त्यासाठी एसटीची वाट कशाला बघताय