मदत हवी आहे: झुरिखच्या ‘श्टाट्राट’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या महिला गटासमोर मला स्वित्झर्लंडच्या राजकारणी एमिली लीबरहेर यांच्यावर अर्धा तास बोलायचं आहे. टिपणं झाली आहेत, पण एका शब्दापाशी गाडी अडली आहे.

बाईंचा जन्म १९२४ चा, ऊरी प्रांतातल्या एर्स्टफेल्ड या रेल्वेच्या गावातला. १ मार्च १९६९ ला स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी राजधानी बर्नमध्ये मोर्चा निघाला, तेव्हा संसदेसमोरच्या चौकात त्या बोलल्या. आम्ही विनवण्या करायला नाही, मागणी करायला उभ्या आहोत, असं त्यांनी ठणकावलं. बायकांनी शिट्ट्या फुंकून चौक दणाणून सोडला. तरी देशपातळीवरचा हक्क मिळायला १९७१ उजाडलं! आपल्या आज्यांनी १९५१-५२ लाच मत दिलं होतं.

१९७० मध्ये त्या झुरिखच्या ‘श्टाट्राट’वर, म्हणजे शहराचा कारभार चालवणाऱ्या मंडळावर, निवडून आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री. १९९४ पर्यंत समाजकल्याण खातं त्यांच्याकडे होतं. बापाने मुलांची पोटगी थकवली तर शहराने ती आधी द्यायची आणि मग त्याच्याकडून वसूल करायची, ही सोय त्यांनी आणली. हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं, असंही त्या मांडत राहिल्या. मला त्यांचं हे धाडस सर्वांत मोठं वाटतं. १९९० मध्ये त्यांच्याच समाजवादी पक्षाने त्यांना काढून टाकलं, तरी त्यांनी खातं सोडलं नाही.

अडचण अशी, की ‘नगरसेविका’ म्हटलं तर ऐकणाऱ्यांना वॉर्डातल्या बाई दिसणार. तशी १२५ जणांची सभा तिथे वेगळी आहे. श्टाट्राट म्हणजे थेट लोकांनी निवडलेले नऊ जण, प्रत्येकाकडे एक खातं. ‘मंत्री’ म्हणू का? आणि १९७८ ते ८३ त्या स्विस संसदेच्या ‘श्टेंडेराट’मध्ये, म्हणजे प्रांतांच्या सभागृहात, होत्या, त्याला राज्यसभा म्हटलेलं चालेल का?

प्रतिसाद:
ताई, ‘मंत्री’ नको, राज्य सरकार डोळ्यांसमोर येतं. १९९८-९९ मध्ये मुंबईत मेयर-इन-कौन्सिल (महापौर आणि काही नगरसेवकांचं कारभारी मंडळ) होती, तिची आठवण करून द्या. फरकही सांगा, ते सदस्य नगरसेवकांतलेच असत. मी ‘नगर कार्यकारिणीच्या सदस्य’ म्हणेन. राज्यसभा मात्र टाळा. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार मतं देतात, लीबरहेरबाईंना मात्र झुरिख प्रांताच्या मतदारांनी थेट निवडलं होतं. ‘प्रांतसभा’ चालेल.

धागाकर्ती:
‘नगर कार्यकारिणी’ पटलं, तेच घेते. पोटगीच्या योजनेबद्दल कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा. आमच्या गटात दोघीजणी आज त्याच पैशांची वाट पाहताहेत.