वर्तन की वर्तणूक?

वेलांटी:
एका सर्वेक्षण अहवालाचं भाषांतर करतेय. वय, शिक्षण, लग्न, उत्पन्न, धर्म यांचा बायकांच्या लैंगिक वर्तनावर काय परिणाम होतो, असा विषय. मी सगळीकडे 'वर्तन' लिहिलं, संपादकांनी एकूण एक ठिकाणी 'वर्तणूक' केलं. खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाही. शिवाय 'जोडीदार' अडलाय. "गेल्या बारा महिन्यांत तुमचे किती जोडीदार होते?" हे पत्त्यांच्या डावाबद्दल विचारल्यासारखं वाटतं.

तळटीप:
खटकणारच. वर्तन रेणूंचंही असतं. वर्तणूक माणसाचीच, आणि ती कुणीतरी बघून शेरा मारतं: दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' लिहितात तसं. संपादकांनी नकळत दाखला दिलाय.

पोटफोड्या ष:
उगाच बाऊ. दोन्ही 'वृत्' धातूचेच. खरा घोळ 'लैंगिक'मध्ये आहे. लिंग म्हणजे खूण. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, लेखी धूर हे अग्नीचं लिंग. आपण 'लैंगिक समानता' आणि 'लैंगिक आजार' दोन्हींना एकच विशेषण जुंपलं. 'कामवर्तन' म्हणा.

वेलांटी:
अहो, 'कामवर्तन' म्हटलं तर हजेरीपटाबद्दल चाललंय असं वाटेल.

काठावरची:
मी अशा मुलाखती घेतल्यात. एका बाईंना विचारलं, "तुमचे कुणाकुणाशी संबंध आले?" त्या म्हणाल्या, "आमचे सगळ्यांशीच चांगले संबंध आहेत हो." मग मी 'शरीरसंबंध' म्हटलं, तर त्यांनी आधी उठून दार लावलं. बरेचदा शब्दापेक्षा दार महत्त्वाचं.
आणि शिक्षणाचा परिणाम वाटतो तितका सरळ नसतो. जिथे बहुतेकींचा पहिला संबंध लग्नानंतरच येतो, तिथे शाळा लांबली की लग्न लांबतं आणि लग्न लांबलं की तोही. तक्त्यात मात्र 'शिक्षणाचा परिणाम' असंच छापून येतं.

तळटीप:
दाराबद्दल +१. अमेरिकेतल्या 2003 च्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना खोटं पकडणारं यंत्र लावलंय असं भासवलं, प्रत्यक्षात ते बंदच होतं. त्या गटात जोडीदारांच्या आकड्यातला मुलामुलींमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे एरवी मोजलं जातं ते वर्तन कमी, वर्तणूकच जास्त! (संपादकांना सांगू नका.)
अमेरिकी लैंगिकता-संशोधक किन्झींच्या 1953 च्या अहवालात 5,940 स्त्रियांच्या मुलाखती आहेत. त्यात जन्मदशक आणि धार्मिकता यांचा प्रभाव ठळक दिसला, शिक्षणाचा पुरुषांच्या मानाने कमी. अर्थात ती मंडळी आपणहून बोलायला आलेली, म्हणजे सगळ्यांचं प्रातिनिधिक चित्र नव्हे.

काठावरची:
अवांतर: पुरुषासाठी रंगेल, छंदीफंदी, फार तर बाहेरख्याली. बाईसाठी थेट उठवळ, बदफैली. रंगेल म्हटलं तर तो गालात हसतो. उठवळ म्हटल्यावर कुठली बाई हसेल?

पोटफोड्या ष:
बदफैली फारसी, ती सोडा. 'व्यभिचार' मूळचा निरुपद्रवी आहे. नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे क्षणिक भाव, सांगितलेत, त्यांत लज्जासुद्धा येते. वाकडा अर्थ वापराने चिकटला.

तळटीप:
वापराने चिकटला म्हणजेच तो अर्थ झाला की. नाटकाबाहेर कुणाला व्यभिचारी म्हणून बघा.

पोटफोड्या ष:
ते राहू द्या. अहवालात 'जनसांख्यिकीय' असेल तर आधी काढा, तो हिंदीतून आलाय. मराठीत 'लोकसंख्याशास्त्रीय'.

काठावरची:
तेवढा शब्द उच्चारेपर्यंत लोकसंख्या वाढते. 'वय, शिक्षण वगैरे' लिहा. आणि 'जोडीदार' काढून 'किती जणांशी संबंध आला' विचारा, 'शरीर' लावून.

वेलांटी:
जोडीदाराचं पटलं. पण वर्तणुकीचं काय करू? सकाळी फाइल द्यायचीय.

पोटफोड्या ष:
फाइल नव्हे, धारिका.