शब्दचर्चा : कारभारी, विश्वस्त की राखणदार?

प्रश्न : वेंगुर्ले

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) घरोघरी वाटायला चारपानी पत्रक करायचे आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात दोन शब्द पानोपानी येतात, 'स्टुअर्डशिप' आणि 'शेअर्ड मिशन'. पहिल्यासाठी एकाने 'व्यवस्थापन' लिहिले, दुसऱ्याने 'दानधर्म'. दोन्ही पटले नाहीत. व्यवस्थापन कंपनीचे असते, आणि दानधर्म म्हटला की देणारा वर उभा राहतो आणि घेणारा खाली. मूळ कल्पना अशी आहे : वेळ, अंगची कला, पैसा, जमीन, पाणी, जे काही आपल्या हाती आहे ते देवाचे. आपण ते सांभाळायचे, वाढवायचे, इतरांच्या उपयोगी आणायचे आणि शेवटी त्याचा जाब द्यायचा. दुसऱ्या शब्दासाठी 'सामायिक ध्येय' सुचले, पण ते भिंतीवर रंगवलेल्या घोषणेसारखे वाटते.

'स्टुअर्ड' तसाच ठेवता येत नाही. आमच्याकडे स्टुअर्ड म्हणजे बोटीवर जेवणखाणाचे बघणारा. कित्येक घरांतली माणसे त्या कामावर गेलेली आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी बोटच येईल. पत्रक वाचणार आहेत ते होडीवर जाणारे, काजूची बाग असलेले, मुंबईला राहून नाताळात घरी येणारे. एखाद्या आजीने चष्मा लावून वाचले तर तिला शब्दाचा अर्थ कोणाला विचारायला लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

नंदाखाल (वसई)

पहिल्या शब्दासाठी लांब जायला नको. मराठी बायबलात तो आहेच, 'कारभारी'. लूकच्या १२व्या अध्यायातला विश्वासू कारभारी, १६व्या अध्यायातला अन्यायी कारभारी, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात देवाच्या रहस्यांचे कारभारी, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:१०) देवाच्या नानाविध कृपेचे कारभारी. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस', म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा. त्या काळात हा माणूस पुष्कळदा स्वतःच गुलाम असे. तरीही कोठाराच्या किल्ल्या त्याच्याकडे, चाकरांना धान्य मापून देणे त्याच्याकडे, धनी परगावी गेला की निर्णयही त्याचेच. मालकी मात्र कशाचीच नाही. स्टुअर्डशिपचे सगळे मर्म याच जागी आहे.

लूकच्या १६व्या अध्यायात धनी कारभाऱ्याला बोलावतो तेव्हा पहिली गोष्ट कोणती मागतो ते पाहा : हिशेब. 'कारभारी' म्हटले की हिशेब पाठोपाठ आलाच. हा गुण दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दात मला दिसत नाही.

मालवण

शब्द बायबलातला आहे हे कबूल, पण आज तो कानाला कसा लागतो तेही बघायला हवे. 'गावचे कारभारी' म्हणजे चार वजनदार माणसे. 'कारभार हातात घेतला' म्हणजे सत्ता घेतली. घरात बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, तिथेही तो घरचा मुख्यच. पत्रकात 'तुम्ही सगळे कारभारी आहात' असे छापले तर लोकांना वाटेल की आपल्याला पॅरिश कौन्सिलवर घेतले.

दुसरे, बायकांचे काय? 'कारभारीण' म्हणजे कारभाऱ्याची बायको. वेदीची फुले, मुलांची धर्मशिकवण, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे, मयताच्या घरी रात्रीची प्रार्थना, हे सगळे बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. ज्यांच्या जिवावर धर्मग्राम चालतो त्यांनाच शब्दाबाहेर ठेवायचे का?

मी 'राखणदार' सुचवतो. कोकणात तो लहान मुलालाही कळतो. बाग राखतात, गुरे राखतात, शेत राखतात. राखणारा मालक नसतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

रेवदंडा

'विश्वस्त' का नको? गांधीजींनी संपत्तीबद्दल हाच विचार मांडला तेव्हा मराठीत तो 'विश्वस्तवृत्ती' म्हणूनच रुजला. शब्दात विश्वास आहे, दुसऱ्यासाठी सांभाळणे आहे, आणि स्त्री-पुरुष दोघांनाही तो चालतो.

नंदाखाल (वसई)

'विश्वस्त' मला आवडतो, पण महाराष्ट्रात तो धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतला शब्द झाला आहे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यापासून विश्वस्त म्हणजे ज्याचे नाव नोंदणीत आहे तो. ज्याचे नाव नाही तो आपोआप मोकळा. आपल्याला हव्या असलेल्या अर्थाच्या हे अगदी उलट आहे, कारण इथे बाप्तिस्मा झालेला एकही माणूस मोकळा नाही.

'राखणदार' मात्र मी सहज सोडणार नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात (२:१५) देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीच्या सांभाळाविषयी लिहिताना हेच वचन घेतले आहे. वसईत हा अर्थ पुस्तकात शोधावा लागला नाही. इथले धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले तेव्हा विहिरी, बावखले (वाडीतली तळी), केळीच्या वाड्या आणि पानमळे वाचवणे हे श्रद्धेचेच काम आहे, असे इथल्या पुष्कळ लोकांनी मानले. चर्चबाहेरचे लोकही त्यात होते. जमीन आपल्या नावावर आहे म्हणून तिचे काहीही करावे हे तेव्हा लोकांना पटले नाही. त्या भूमिकेला 'राखण'इतका नेमका शब्द नाही.

मालवण

मग ठरले म्हणायचे?

सावंतवाडी

थोडे थांबा. 'राखणदार'ला दोन अडचणी आहेत. आपल्या भागात राखणदार म्हणजे गावची वेस सांभाळणारी अदृश्य शक्ती, जिला वर्षाचा मान द्यावा लागतो. शेजारच्या हिंदू घरांत तो रोजचा आणि श्रद्धेचा शब्द आहे. तो उचलून आपण वेगळ्याच अर्थाने छापला तर दोन्हीकडे गोंधळ होईल, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेतला शब्द असा परभारे वापरणे मला बरे वाटत नाही.

दुसरी अडचण अर्थाची आहे. राखणारा आहे तेवढे राखतो. येशूच्या दाखल्यात ज्या चाकराने धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवले, त्याने राखण चोखच केली होती. एक पैही कमी झाली नव्हती. तरी धन्याने त्यालाच दोष दिला, कारण जे दिले ते वाढवायचे होते, कामाला लावायचे होते. नुसत्या राखणीत हे येत नाही.

नंदाखाल (वसई)

पुरून ठेवलेल्या पैशांचा मुद्दा बिनतोड आहे, मी मान्य करतो. त्यावरून वसईतलेच एक उदाहरण देतो. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी इथे सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक. सावकाराच्या व्याजात अडकलेला शेतकरी सोडवायचा तर लोकांचे थोडे थोडे पैसे एकत्र आणून लोकांनाच कर्जाऊ द्यायचे, हा त्यामागचा विचार. धर्मगुरूने पुढाकार घेतला, पैसे आणि मेहनत प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या लोकांची. पेटीत पडून राहिलेला पैसा एकमेकांच्या उपयोगी आला. त्या पिढीने 'स्टुअर्डशिप' हा शब्द ऐकलाही नसेल, पण मला विचाराल तर पत्रकात एकच उदाहरण द्यायचे असेल तर हे द्यावे. चर्चला किती दिले यापेक्षा, हाती असलेले शेजाऱ्याच्या कामी कसे आले, हे त्यातून दिसते.

रेवदंडा

आणि हिशेब? बँक म्हटली की ताळेबंद आला. 'कारभारी'च्या बाजूने पहिल्या उत्तरात हाच मुद्दा होता, तो मध्येच निसटला. चर्चच्या कायद्यातही तो आहे. १९८३च्या कॅनन लॉमध्ये प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे असे म्हटले आहे (५३७). मालमत्ता पाहणाऱ्याने चांगल्या घरधन्याच्या दक्षतेने काम करावे, असे १२८४व्या कलमात आहे. आणि १२८७व्या कलमात, लोकांनी जे अर्पण केले त्याचा हिशेब स्थानिक नियमांप्रमाणे लोकांना द्यावा, असे आहे. म्हणजे लोकांनी द्यायचे आणि वर कोणी विचारायचे नाही, असे कुठेच नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी आहे. ज्या पत्रकात फक्त 'द्या' असेल आणि 'विचारा' नसेल, ते स्टुअर्डशिपचे पत्रक नव्हे, वर्गणीची पावती आहे. हे मी रागाने लिहीत नाही. हिशेब फलकावर लागला की देणाऱ्याचा हात मोकळा होतो, हे कोणत्याही उत्सव समितीला विचारा.

मालवण

ह्या एकदम पटला. काम सगळ्यांचा, मगे हिशोब एकट्याकच कित्याक?

सावंतवाडी

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. 'मिशन'बद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. 'मिशन' आणि 'मिस्सा' हे एकाच घरचे शब्द आहेत. लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. लॅटिन मिस्साच्या शेवटी जे निरोपाचे शब्द म्हणत, 'इते, मिस्सा एस्त', त्यातला 'मिस्सा' पोर्तुगीजांतून आपल्याकडे आला आणि संपूर्ण उपासनेचे नाव झाला. म्हणजे आपण दर रविवारी ज्या शब्दाने चर्चला जातो त्या शब्दातच 'आता निघा' हे आहे.

मराठीत 'मिशन' म्हटले की आधी मिशनची शाळा आणि मिशनचे हॉस्पिटल आठवते, नाहीतर सरकारी योजना. तिन्ही ठिकाणी काम करणारे दुसरे कोणीतरी आणि आपण लाभ घेणारे. 'ध्येय'मध्ये पाठवणाराच नाही, ते मी माझे ठरवतो. चर्चच्या मराठीतला 'प्रेषितकार्य' नेमका आहे, कारण प्रेषित म्हणजे पाठवलेला. पण तो ऐकला की लोकांना बारा प्रेषित किंवा मिशनरी फादर आठवतात. मला 'कामगिरी' सुचतो. आज आपण तो क्रिकेटपटूच्या धावांसाठी वापरतो हे खरे, पण 'कामगिरीवर पाठवले' हा प्रयोग मराठीत अजून जिवंत आहे, आणि त्यात पाठवणारा, पाठवलेला आणि नेमून दिलेले काम, तिन्ही आहेत.

वेंगुर्ले (मूळ प्रश्नकर्ता)

मिस्सा आणि मिशनचे नाते पत्रकात घालतोच. आता 'शेअर्ड'चे सांगा. सामायिक, सहभागी, संयुक्त, सगळे कागदी वाटते.

मालवण

रापण आठवा. होडी जाळे टाकून अर्धगोल फिरून येते आणि मग किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोर ओढायला पन्नास हात लागतात. जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो, आणि दोराला हात लावला त्याचाही असतो. त्याला आपण 'वाटेकरी' म्हणतो. वाटेकरी म्हणजे नुसता मासळी घेणारा नव्हे, दोर ओढला म्हणून वाटेकरी. 'सहभागी'मध्ये माणूस नुसता येऊन बसला तरी चालते, समारंभाला लोक सहभागी होतात. वाटेकऱ्याला ओढावे लागते. म्हणून मी 'कामगिरीचे वाटेकरी' असे लिहीन.

नंदाखाल (वसई)

वसईत रापण फारशी कोणाला ठाऊक नसेल, पण 'वाटेकरी' कळेल. फक्त वाटणीच्या भांडणातही हाच शब्द येतो, तेवढे जपा. 'कामगिरीचे' हे आधी जोडलेले असले तर जमिनीच्या वाटणीचा अर्थ लागणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला तो याचसाठी, की फादर एका टोकाला ओढतात आणि बाकीचे किनाऱ्यावर बघत बसतात, हे बदलावे. प्रापंचिक हे फादरांचे मदतनीस नव्हेत, त्यांचे काम त्यांना बाप्तिस्म्यातूनच मिळालेले आहे. 'मदतनीस' हा शब्द पत्रकात कुठेही येऊ देऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती.

वेंगुर्ले (मूळ प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या परिच्छेदाचा मसुदा असा केला आहे :

'आपल्याजवळ जे आहे ते देवाने आपल्या हाती सोपवले आहे. आपण त्याचे मालक नाही, कारभारी आहोत : स्त्रिया, पुरुष, म्हातारे, मुले, सगळेच. कारभाऱ्याने राखायचे, वाढवायचे, गरजवंताच्या कामी आणायचे आणि हिशेब द्यायचा. मिस्सा संपते तेव्हा आपल्याला कामगिरीवर पाठवले जाते. त्या कामगिरीचे आपण सगळे वाटेकरी आहोत. वेळ, कसब आणि ऐपत, ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने पुढे आणावे.'

'कारभारी'बद्दलची शंका लक्षात घेऊन 'मालक नाही' लगेच आधी ठेवले आणि स्त्रियांचा उल्लेख पहिला केला. शेवटचे वाक्य मूळ इंग्रजीतल्या तीन 'टी'वरून घेतले आहे.

सावंतवाडी

ते तीन 'टी', म्हणजे टाइम, टॅलेंट, ट्रेझर, हे अमेरिकेतल्या पॅरिशांमध्ये फार चालतात. तिथल्या बिशपांनी १९९२ साली स्टुअर्डशिपवर पत्र काढले, त्यानंतर तर जास्तच. 'कसब' उत्तम आहे, गवंड्यापासून पेटी वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना लागू पडते. 'ऐपत' मात्र काढा. मंदिराच्या दानपेटीत दमडी टाकणाऱ्या विधवेची ऐपत काहीच नव्हती, आणि येशूने सगळ्यांत मोठे अर्पण तिचेच मानले. 'ऐपत' लिहिले की गरीब माणूस वाचता वाचता मागे सरतो आणि श्रीमंत आपला आकडा मनात ठरवून मोकळा होतो.

वेंगुर्ले (मूळ प्रश्नकर्ता)

मग 'पैसा' असेच ठेवू का? वेळ, कसब, पैसा.

सावंतवाडी

ठेवा. आणि पत्रकाच्या शेवटच्या पानावर गेल्या वर्षीचा जमाखर्च छापा.