वेदीचित्राच्या पायथ्याची पट्टी वेगळी का झाली?

शाईदौत: वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार दुच्चो याने रंगवलेला येशूजन्माचा छोटा फलक पाहिला; त्याच्या दोन्ही बाजूंना यशया आणि यहेज्केल हे संदेष्टे उभे आहेत. हा इटलीतील सिएनाच्या कॅथेड्रलमधील भव्य वेदीचित्राच्या ‘प्रेडेला’चा भाग असल्याचे समजले. प्रेडेला म्हणजे नेमके काय, आणि त्याचा तुकडा अमेरिकेत कसा पोहोचला?

जुनेपान: चर्चमधील वेदीवरील मुख्य चित्र, म्हणजे वेदीचित्र, ज्या आडव्या, पेटीसारख्या बैठकीवर उभे केले जाते, तिला प्रेडेला म्हणतात. वेदीवरील मेणबत्त्या आणि क्रूस यांच्याआड चित्र झाकले जाऊ नये, ही तिची व्यावहारिक सोय. परंतु वर सोनेरी पार्श्वभूमीवर स्तब्ध उभ्या असलेल्या संतांच्या आयुष्यातील प्रसंग चित्रकार या अरुंद जागेत कथेसारखे ओळीने मांडू लागले, आणि मला तरी तेच अधिक जिवंत वाटतात. दुच्चोचे ‘माएस्ता’ (१३०८–११), म्हणजे सिएनाचे हेच वेदीचित्र, दोन्ही बाजूंनी रंगवलेले होते. पुढील प्रेडेलावर येशूचे बालपण होते, तर मागील प्रेडेलावर त्याचे सेवाकार्य. पेत्र आणि अंद्रिया यांना बोलावण्याचा मागील बाजूचा फलकही वॉशिंग्टनमध्येच आहे. १७७१ मध्ये हे वेदीचित्र करवतीने कापले गेले आणि पुढे त्याचे लहान फलक विकले जाऊन लंडन, न्यूयॉर्क असे पांगले.

गवाक्ष: विक्री हे एकमेव कारण नव्हे. इटालियन चित्रकार मांतेन्याने इटलीतील वेरोनाच्या सान झेनो चर्चसाठी केलेले वेदीचित्र १७९७ मध्ये फ्रेंचांनी नेले. नेपोलियनच्या पाडावानंतर वरचे फलक परतले, परंतु प्रेडेलाचे तिन्ही मूळ फलक फ्रान्समध्येच राहिले: क्रूसावरील मृत्यूचा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, उरलेले दोन तूर शहरात. वेरोनात आज त्यांच्या प्रती दिसतात.

काष्ठकोरणी: वरील चर्चा रंगवलेल्या प्रेडेलांपुरतीच झाली. फ्रान्सच्या कोल्मार शहरातील इझेनहाइम वेदीचित्राच्या प्रेडेलावर जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डने मृत ख्रिस्ताभोवतीचा विलाप रंगवला आहे, आणि ते फलक बाजूला सारले की मागे ख्रिस्त व बारा प्रेषितांच्या कोरीव लाकडी मूर्ती दिसतात. हे वेदीचित्र ज्या मठासाठी घडवले, तेथे बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे होणाऱ्या ‘संत अँथनीच्या आगी’च्या रुग्णांची शुश्रूषा होत असे. या रोगात हातपाय सडून कापावे लागत. म्हणूनच फलक सरकवताना ख्रिस्ताचे पाय धडापासून तुटल्यासारखे दिसतात, याकडे काही अभ्यासक लक्ष वेधतात.